फुकटच तर वाटत होतो

रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यांसाठी मी मोबाइलवर पावती काढायचं एक अ‍ॅप केलं होतं. घडांचं वजन, दांड्याची कटती, गाडीभाडं, आणि ब्लूटूथ प्रिंटरवर चिठ्ठी. कोड खुला, एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, मूळ कॉपीराइटची ओळ तेवढी ठेवावी. हळूहळू सात जणांनी त्यात हात घातला. आलेला कोड मी जोडत गेलो. कुठून आणला, हे विचारलंच नाही.

मग त्यातल्याच एकाचा पुण्याहून फोन. "भाऊ, कटतीचा हिशोब मी कंपनीच्याच कामासाठी लिहिला होता रे. आता एचआर विचारतंय."

जळगावला ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. म्हटलं, फुकट वाटतोय, आणि लायसन्समध्ये 'जसं आहे तसं, हमी नाही' असं लिहिलंय की! "ते वापरणाऱ्यासाठी," त्या म्हणाल्या. "हिशोब चुकला तर त्याने तुझ्यामागे लागू नये म्हणून. ज्याचा कोड आहे, त्याने कुठे ते कबूल केलंय?" १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्याची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, कंपनीची. कलम ५५ ऐकून जरा धीर आला: त्यावर कॉपीराइट आहे हे ठाऊक नव्हतं, तसं वाटायला कारणही नव्हतं, हे सिद्ध केलं तर नुकसानभरपाई नाही, मनाई हुकूम आणि नफा तेवढा मागता येतो. नफा तर शून्यच!

"पण आता तुला ठाऊक झालंय," बाई म्हणाल्या.

त्याच रात्री डाउनलोड बंद केलं आणि गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीचा, इतिहास ओळ न ओळ चाळला. प्रिंटरचा भाग दुसऱ्याच कुणाच्या जीपीएल प्रकल्पातून (हे लायसन्स असं, की त्यातला कोड घालून केलेलं वाटायचं तर तेही जीपीएलखालीच वाटावं लागतं), वरची कॉपीराइटची ओळ उडवून, चिकटवलेला निघाला. सगळं अ‍ॅपच जीपीएलखाली नेता आलं असतं. मी तो भाग काढून नव्याने लिहिला. (हट्ट म्हणा.) कंपनीचं परवानगीपत्र यायला दीड महिना लागला, मजकूर तीन ओळींचा.

आता प्रत्येक कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाखाली, 'साइन्ड-ऑफ-बाय' लागतं. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आपला कोड आहे असा दावा एससीओ कंपनीने केला, त्यानंतर लिनक्सवाल्यांनी २००४ मध्ये आणलेली पद्धत: हा कोड द्यायचा हक्क मला आहे, एवढं नावानिशी लिहून द्यायचं. खोटं लिहिणारा त्याने अडत नाही, पण आपण विचारलं होतं हे दाखवता येतं.

नवी आवृत्ती घालायला फोन घेऊन गावोगाव बसलो. सावद्याचे एक काका मात्र जुनीच चालवतात. नव्या पावतीवर अक्षर बारीक येतं म्हणे.