पवनेच्या काठावरून सौरडाग: जानेवारीतली एक सकाळ

सौरडाग, म्हणजे सूर्यबिंबावरचे काळे ठिपके, टिपायला काळोख लागत नाही, म्हणून बहुतेकजण गच्चीवरच दुर्बीण मांडतात. पण नऊनंतर गच्ची तापते आणि तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीत सूर्याची कड उकळल्यासारखी थरथरते. पाणी सावकाश तापते, त्यावरची हवा जास्त वेळ शांत राहते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागरातल्या बेटावर बांधली ती याचसाठी. तोच फायदा घ्यायला ८० मिमी भिंगाची, ६०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण पवना धरणावर नेली.

पुण्याहून जुन्या हमरस्त्याने कामशेत, तिथून डावीकडे पवनानगर. शनिवार-रविवार नकोच: तंबूंची गर्दी आणि शेकोट्यांचा धूर. जानेवारीत सूर्य सकाळभर आग्नेयेकडे असतो, म्हणून त्या दिशेला पाणी पसरलेले असेल असा काठ शोधा. स्टँड गवतावर लावा, खडकावर नको. गाडी मागे, दूर उभी करा. तापलेल्या बॉनेटवरची हवासुद्धा चित्र बिघडवते.

सातला पोचलात तरी लगेच फोटो मिळत नाहीत, पाण्यावर धुके असते. मात्र धुके विरेपर्यंत दुर्बीण बाहेरच्या तापमानाला येते. त्याला अर्धा तास द्यावाच लागतो. भिंगावर दव धरले तर पुसू नका, आपोआप उडू द्या. कामाची वेळ साधारण नऊ ते साडेदहा. त्याआधी सूर्य फार खाली असतो, अकरानंतर वारा सुटतो.

फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडावर. आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) आटे लावून बसवायचा काळा सौरफिल्टर फेकून द्या. तो उष्णतेने तडकतो, तेव्हा डोळा मागेच असतो. घनता ५.० ची सौरफिल्म प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडते. ३.८ ची केवळ कॅमेऱ्यासाठी, तिला डोळा लावायचा नाही. निघण्यापूर्वी फिल्म टॉर्चसमोर धरून छिद्रे तपासा. ती ताणून बसवू नका, सुरकुत्या चालतात, ताणाने मात्र प्रतिमा बिघडते. कडेने टेप लावा, काठावर वाऱ्याचा भरवसा नाही. शोधक दुर्बीण काढूनच ठेवा. सूर्य सापडवायला नळीची सावली बघा: ती सर्वांत लहान झाली की सूर्य समोर.

दिवसा ध्रुवतारा दिसत नसला तरी सूर्यामागे फिरणाऱ्या मोटरच्या स्टँडचा अक्ष लावताना अडत नाही. होकायंत्राने उत्तर, अक्षांश १८.७ अंश आणि मोटरला सौरगती, एवढ्याने काही मिनिटांच्या व्हिडिओचे भागते.

६०० मिमीला सूर्यबिंब सेन्सरवर साधारण ५.६ मिमीचे पडते. एपीएस-सी (नेहमीच्या डीएसएलआरच्या आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यात ते सहज मावते. ग्रहांसाठीच्या छोट्या सेन्सरवर कापले जाते. म्हणून पूर्ण बिंब डीएसएलआरने आणि डागांचा एकेक गट २ पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारे भिंग) व मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्याने. सोबत ५४० नॅनोमीटरचा हिरवा फिल्टर. फोकस सूर्याच्या कडेवर नाही, डागाच्या उपछायेवर, म्हणजे काळ्या गाभ्याभोवतीच्या फिकट पट्ट्यावर, करा. तिथले तंतू सुटे दिसले की थांबा. एक्स्पोजर ३ मिलिसेकंदांच्या आत, १००० फ्रेम, त्यातल्या उत्तम ५ ते १० टक्के ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायच्या. हवा हलत असेल तर ५००० फ्रेमनीही फरक पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमेला धार काढताना हात आखडता ठेवा, नाहीतर नसलेले कण दिसू लागतात.

लॅपटॉपच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नाही. पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून वर काळे कापड घ्या, यावरच फोकस अवलंबून.

सर्वांत फसवी चूक सेन्सरवरच्या धुळीची. ती हुबेहूब छोट्या डागासारखी दिसते. बिंब फ्रेममध्ये थोडे सरकवा: डाग बिंबाबरोबर सरकतो, धूळ जागेवर राहते. हे न करता मोजलेत तर वोल्फ अंक (सौरडागांच्या मोजणीचा आकडा) फुगतो, कारण गटाला दहा गुण आणि प्रत्येक डागाला एक. एकटा धुळीचा कण नवा गट समजलात, तर ११ वाढले.

दिशा नोंदवायला मोटर बंद करा; बिंब ज्या बाजूने फ्रेमबाहेर जाते ती पश्चिम. नंतर एसडीओ या नासाच्या सौर उपग्रहाच्या त्याच दिवशीच्या प्रतिमेशी ताडून बघा, तीत सूर्याचा उत्तर ध्रुव वर असतो, तुमच्या फोटोत तो कललेला असेल.