तोरणा ते राजगड एका दिवसात: पाठीवर काय घ्यावे, काय घरी ठेवावे

वेल्ह्याहून पहाटे तोरणा चढायचा, डोंगरधारेने राजगड गाठायचा आणि अंधार पडण्याच्या सुमारास गुंजवण्यात उतरायचे, ही चाल सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्यांच्या परिचयाची आहे. ज्या गटाबरोबर आम्ही ती फेब्रुवारीत केली, त्यांच्या सूचनापत्रात ‘माणशी दोन लिटर पाणी पुरेसे, धारेवर सोय होते’ असे स्वच्छ लिहिलेले होते. ही सूचना चुकीचीच नव्हे तर धोकादायक आहे, आणि पुढे जाणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

वेल्हे ते बिनी दरवाजा ही चढाई दमवते. पण वाट मळलेली आहे आणि लवकर निघाल्यास ऊनही लागत नाही, त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. १४०३ मीटर उंचीच्या या गडावर मेंगाईच्या देवळापाशी न्याहारी उरकून कोकण दरवाज्यातून बुधला माचीकडे निघालो, तोवर सारे सुरळीत होते. माचीवरून धारेवर उतरताना जो घसारा लागतो, त्यानेच आमच्या पिशव्यांची खरी परीक्षा घेतली.

या उतारावर मुरुमाचे बारीक खडे कोरड्या मातीवर मोकळे पसरलेले असतात, त्यामुळे पाऊल टेकल्यावरही ते स्थिरावेल याची खात्री नसते, आणि आधारासाठी धरावे असे वाटणारे वाळलेले गवत मुळासकट हातात येते. अशा जागी दोन्ही हात मोकळे असणे ही पहिली अट आहे. एका खांद्यावरची पिशवी, गळ्यात लोंबणारा कॅमेरा, हातातली बाटली यांपैकी काहीही येथे चालणार नाही. काठी धारेवर उपयोगी पडते, परंतु घसाऱ्यावर ती अडचण होते, म्हणून घडी होऊन सॅकमध्ये मावणारीच घ्यावी. आमच्यापुढे उतरणाऱ्या एका सोबत्याच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातून पाण्याची भरलेली बाटली निसटली, दोनदा खडकावर आपटली आणि दरीच्या बाजूला दिसेनाशी झाली. पुढची सगळी धार बाकी असताना त्याच्याजवळचे निम्मे पाणी गेले. बाटल्या आत, पाठीला लागून ठेवाव्यात आणि सॅकचा कमरपट्टा आवळून बांधावा. बुटांच्या तळव्याची नक्षी झिजली असेल तर ते बूट कितीही सवयीचे असले तरी घरी ठेवावेत. सुती हातमोजे स्वस्त असतात आणि कारवीची खोडे धरताना तळहात सोलवटू देत नाहीत, ते न्यावेतच.

पाण्याविषयी माझा निर्णय ठाम आहे: फेब्रुवारीपासून पुढे माणशी चार लिटरांहून कमी पाणी घेऊन बुधला माची सोडू नये. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलोंचा बोजा, हे मान्य. पण तोरणा आणि राजगड यांच्यामधली धार जवळजवळ उघडी आहे, सावली तुरळक आहे आणि दुपारचे ऊन थेट डोक्यावर येते. वाटेत धनगरांची घरे लागतात आणि दैव बरे असेल तर ताकही मिळते. पण त्या घरांना स्वतःचेच पाणी लांबून आणावे लागते, तेव्हा त्यांच्या हंड्यावर आपला हिशेब बांधणे मला गैर वाटते. गडांवरच्या टाक्यांतले पाणी घ्यायचे असल्यास गाळण्यासाठी स्वच्छ फडके आणि क्लोरीनचे थेंब जवळ हवेत. निम्म्या पाण्यात मीठ, साखर आणि लिंबू घालून ठेवल्यास राजगडाच्या संजीवनी माचीच्या शेवटच्या चढणीवर पोटऱ्यांत गोळे येण्याची शक्यता बरीच कमी होते. त्या चढणीवर, अळू दरवाजा डोळ्यांसमोर असताना, आमच्यातील दोघे नेमके गोळे आल्यामुळेच खाली बसले.

कपड्यांबाबत दोनच गोष्टी सांगतो. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि चारही बाजूंनी सावली देणारी टोपी घ्यावी. पँट पूर्ण लांबीची आणि गुळगुळीत कापडाची असावी, कारण या दिवसांत धारेवरचे गवत कुसळांनी भरलेले असते. ती लोकरी मोज्यांत शिरली की पावलागणिक टोचतात आणि थांबून एकेक उपटण्यात पाऊण तास जातो. जीन्स घालू नये. मोज्यांचा दुसरा जोड मात्र न्यावा.

खाण्याला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि संत्री पुरतात. चिप्सची पाकिटे तहान वाढवतात आणि जागा अडवतात. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावी, कारण राजगडावरून गुंजवण्याकडे जाणारी चोर दरवाज्याची उतरण दमलेल्या पायांनी आणि मोबाइलच्या उजेडात करण्यासारखी नाही. शिट्टी आणि क्रेप बँडेज यांना फारशी जागा लागत नाही.

शेवटी सुट्ट्या नोटा. आमची गाडी वेल्ह्यात आणि आम्ही गुंजवण्यात, हे ओळखून एका जीपवाल्याने जो आकडा सांगितला तो सकाळी वेल्ह्यात ऐकलेल्या भाड्याच्या तिप्पट होता, आणि अंधारात दुसरा पर्याय नसल्याने तो द्यावा लागला. परतीच्या गाडीचा दर सकाळी निघण्यापूर्वीच ठरवावा, चालकाचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि ठरलेली रक्कम सुटी करून वेगळ्या कप्प्यात ठेवावी.