जमिनीवरून उठायला मी पुन्हा शिकले

पलंगाखाली गेलेली गोळ्यांची पट्टी काढायला मी खाली बसले आणि उठताच येईना. पडले नव्हते, कुठे लागलं नव्हतं, दुखतही नव्हतं. पायांत जोरच येत नव्हता. मुलगा घरी येईपर्यंत पाऊण तास तशीच बसून होते. वय 71. रोज न चुकता चालायची, त्यामुळे पायांचा प्रश्न आपल्याला नाही, असं मी धरूनच चालले होते.

डॉक्टरांनी आधी झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब पाहिला, चालू गोळ्या तपासल्या. त्यात काही निघालं नाही, म्हणून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईंनी मला खुर्चीत बसवलं. हात छातीशी दुमडून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ते मोजलं. सात वेळा. माझ्या वयाच्या बाईला किमान दहा वेळा जमावं, असं त्या म्हणाल्या. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून उभं राहायचं होतं, दहा सेकंद. चौथ्यालाच मी भिंत धरली.

चालण्याने हृदय, श्वास चांगला राहतो, पण सपाट रस्त्यावर मांड्यांना आणि कुल्ह्यांना फारसा जोर लावावा लागत नाही. वयानुसार झिजणारे स्नायू टिकवायला त्यांच्यावर भार पडावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात तर 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं स्पष्ट आहे. दहा वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं, असं फार वाटलं.

सुरुवात खुर्चीवर उशी ठेवून, म्हणजे बैठक उंच करून. हात न टेकता आठदा उठायचं, थोडं थांबून पुन्हा आठदा. उठण्यापेक्षा सावकाश बसणं अवघड गेलं. धपकन बसायचं नाही, ही सक्त ताकीद होती. तिसऱ्या आठवड्यात गुडघे इतके ठणकले की सोडून द्यावंसं वाटलं. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका, असं बाई म्हणाल्या. तसंच केलं. सहाव्या आठवड्यात उशी निघाली.

घरात मात्र "आई, तू खाली बसूच नकोस, मी देतो काढून," हे चालूच. मुलाची माया मला कळते. पण खाली बसणंच सोडलं तर उठण्याची उरलीसुरली ताकदही जाईल, हे त्याला समजावायला मला व्यायामाहून जास्त वेळ लागला.

मग जमिनीवरून उठणं. कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, एक पाऊल पुढे रोवायचं आणि त्यावर भार देत उठायचं. पहिल्यांदा उठले तेव्हा अंग थरथरत होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. बाई शेजारी होत्या, पण त्यांनी हात लावला नाही.

बारा आठवड्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा झाली: अकरा. तोल अजून कच्चा आहे. डाव्या पायावर सहा सेकंद जमतात, उजव्यावर नऊ. रोज सकाळी खुर्चीच्या पाठीजवळ उभी राहून मोजते.