आवडतं म्हणून, की कुणाकडे नाही म्हणून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच नीट सांगतो, म्हणजे पुढच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत परत हा विषय नको.

मी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, साठ-सत्तरच्या दशकातल्या अनोळखी बँडच्या जुन्या रेकॉर्ड जमवतो. त्यावर प्रश्न तोच असतो, विचारणारे बदलतात. "ही गाणी तुला खरंच आवडतात का रे, की दुसऱ्या कुणाकडे नाहीत म्हणून आवडतात?" मंडळातले काका विचारतात तेव्हा त्यात चेष्टा असते, भाचा विचारतो तेव्हा मागे "मामा, यूट्यूबवर फुकट आहे ना सगळं" असं शेपूट असतं, आणि बायकोने विचारणं केव्हाच सोडलंय, ती बेसमेंटच्या जिन्यात उभी राहून नवीन आलेल्या खोक्याकडे बघते, तेवढं पुरतं.

सोपी उत्तरं आधी संपवतो. नाही, गुंतवणूक वगैरे काही नाही. हो, आपली गाणीही ऐकतो, पण ती ऐकायला मला काही शोधावं लागत नाही, ती अंगातच आहेत. आणि आपल्याकडच्या बँडच्या रेकॉर्ड का नाही जमवत, तर मी राहतो ओहायोत म्हणून. सिमला बीट 70 आणि 71 या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, सिगरेट कंपनीच्या स्पर्धेतून निघालेल्या, आपल्याच पोरांचे बँड, भन्नाट आहेत, कुणाच्या माळ्यावर सापडल्या तर मला आधी फोन करा. पण इथल्या गॅरेज सेलच्या खोक्यात त्या येत नाहीत. खोक्यात इथलं येतं.

इथलं म्हणजे बीटल्स नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. सात इंची, मधे मोठं भोक असलेली सिंगल, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, 1949 मध्ये आरसीए व्हिक्टरने काढलेला आकार. साठच्या दशकात इथल्या कुठल्याही आडगावातली चार पोरं दुपारभर स्टुडिओ भाड्याने घ्यायची, टेप पोस्टाने कारखान्याला पाठवायची आणि स्वतःच्या पैशाने काही शे प्रती प्रेस करून आणायची. आमच्या सिनसिनाटीतच राईट रेकॉर्ड्स म्हणून कारखाना होता, त्यांचं कामच ते. चर्चचे गायक, शाळांचे बँड, डोंगरातले बँजोवाले, आणि मधेच कुठेतरी गिटारचा आवाज खरखरीत करणारं फझ पेडल नुकतंच हाती लागलेली सतरा वर्षांची कार्टी. लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं, नावसुद्धा पोरांनीच ठरवायचं. मग त्या प्रती नातेवाइकांना वाटायच्या, गावच्या रेडिओवाल्याला द्यायच्या, डान्सच्या दारात विकायच्या, आणि उरलेल्या कुणाच्या तरी तळघरात. तिथून माझ्या तळघरात.

म्हणजे कुणी विकत घेतल्या नाहीत म्हणून त्या आज दुर्मिळ आहेत, आणि हे मी मान्यच करतो की कुणी घेतल्या नाहीत त्याला बहुतेक वेळा सबळ कारण होतं. गिटार लागलेली नसते, ड्रमवाला मधेच घाई करतो, गाणाऱ्याला वाटतंय की तो मिक जॅगर आहे आणि ऐकणाऱ्याला वाटतंय की याला सर्दी आहे. शंभरातल्या नव्वद सिंगल मी एकदा ऐकून बाजूला ठेवतो. हे कुणी विचारत नाही बघा, की तू फेकतोस किती.

पण उरलेल्या दहा! ह्यूस्टनच्या कॅशमिअर हायस्कूलमध्ये कॉनरॅड जॉन्सन नावाचे संगीताचे मास्तर होते, त्यांनी शाळेच्या बँडला फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत, शिकवलं, आणि रेकॉर्डही काढल्या. पोरं पास होऊन जायची, नवीन यायची, आणि तरी ते ड्रम असे काही बसलेले असायचे की मोठमोठ्या व्यावसायिक बँडनी मान खाली घालावी. ते सगळं जगाला नीट ऐकायला मिळालं 2006 मध्ये, पुन्हा छापल्यावर. किंवा आमच्याच ओहायोतलं कोलंबस. तिथे बिल मॉस नावाच्या रेडिओ डीजेने कॅपसोल हे चिमुकलं लेबल चालवलं, त्यावर मॅरियन ब्लॅकचं 'गो ऑन फूल' आहे, ते रात्री ऐका आणि मग मला सांगा की हे "फक्त कुणाकडे नाही म्हणून". शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या रेकॉर्ड कंपनीने पुढे पहिला संग्रहच या कॅपसोलचा काढला. त्याआधी ही गाणी होती कुठे? खोक्यात. कुणीतरी माझ्यासारखाच रिकामटेकडा खोकी उपसत बसला म्हणून ती वर आली. 1972 ला लेनी के या गिटारवाल्याने 'नगेट्स' हा असल्याच बँडच्या गाण्यांचा संग्रह केला तेव्हा त्यातली बरीचशी गाणी जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वीची होती आणि तेवढ्यात लोक ती विसरूनही गेले होते.

हे झालं भाषण. मंडळात मी एवढ्यावर थांबतो आणि जिंकल्यासारखा जिलेबी घेतो.

माझा दुसरा ठरलेला बचाव म्हणजे काउंट फाइव्ह हा बँड. 'सायकॉटिक रिअ‍ॅक्शन', 1966, सॅन होजेची पोरं, इथल्या चार्टवर पाचव्या नंबरपर्यंत गेलेलं गाणं. म्हणजे भरपूर खपलेलं, आजही सहज मिळतं, आणि मला ते कपाटातल्या निम्म्या महागड्या सिंगलपेक्षा जास्त आवडतं. बघा, म्हणतो मी, स्वस्तातलंही आवडतं! पण मग पाहुणे आले की पहिली काढून दाखवतो ती काउंट फाइव्ह असते का? नसते. असो.

लांबलचक गाणीवाल्या रॉक बँडचं तर वेगळंच. वीस वीस मिनिटांची गाणी करणारे लोक, त्यांच्या सिंगल कशाला, असं मला रॉक ऐकणारेसुद्धा विचारतात. अहो, म्हणूनच. आयर्न बटरफ्लाय या बँडचं 'इन-अ-गड्डा-दा-विदा' एलपीवर सतरा मिनिटं आहे आणि सिंगलवर तीन मिनिटंसुद्धा नाही. रेडिओसाठी कुणीतरी कात्री घेऊन बसलं आणि चौदा मिनिटं उडवली. कुठे कापलं, कुठे जोडलं, हे ऐकण्यात मला जी मजा येते ती मी कुणालाही पटवून देऊ शकलेलो नाही आणि आता प्रयत्नही करत नाही.

आता खरं सांगायचं ते.

पूर्वी मी छातीठोकपणे म्हणायचो, "गाणं आधी, रेकॉर्ड नंतर." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकवलंय की तुमच्यातल्या काहींना पाठ असेल. त्या काळात माझ्याकडे एक सिंगल होती. 1967 ची, लॉस एंजेलिसच्या एका बारक्या लेबलची, रेडिओला पाठवायची पांढऱ्या लेबलची प्रोमो. नाव सांगत नाही, सांगितलं की तुम्ही गाणं ऐकायच्या आधी डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या साइटवर भाव बघाल. एका रेकॉर्ड फेअरमध्ये घेतलेली, गाडीच्या हप्त्याएवढी पडली. पण गाणं असं की ऑर्गन सुरू झालं की मान आपोआप हलते, आणि दुसऱ्या कडव्याच्या अगदी आधी, सगळी वाद्यं क्षणभर थांबतात तिथे, एक टक् असा आवाज यायचा. चरा पडलेला असणार. मला तो इतका सवयीचा झाला होता की गाडी चालवताना तोंडाने गाणं म्हणायचो तेव्हा मी तो टक् पण म्हणायचो. पोरं हसायची.

मग एकदा एक म्हातारे कलेक्टर घरी आले. आयुष्यभर कारखान्यात काम केलेला माणूस, बोलणं कमी, बोटं जाड, पण रेकॉर्ड धरायचे ते तान्हं बाळ धरतात तसं नाही, पत्ते धरतात तसं, सहज. मी अर्थातच ती सिंगल काढली. त्यांनी स्लीव्हमधून बाहेर घेतली, कडेला धरून किंचित वाकवून पाहिली. ती वाकली. नखाने हलकंच टिचकी मारली. मग दिव्याखाली तिरकी धरून आतल्या बाजूचा, लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधला गुळगुळीत पट्टा बराच वेळ बघितला. काही बोलले नाहीत. परत स्लीव्हमध्ये घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाणं छान आहे."

गाणं छान आहे! अजून लावलंही नव्हतं मी.

मला कळायला थोडा वेळ लागला, मग मीच विचारलं, आणि त्यांनी अगदी नाइलाजाने सांगितलं. या लेबलच्या सिंगल लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात व्हायच्या आणि तिथल्या त्या काळच्या सिंगल स्टायरीन या प्लास्टिकच्या असायच्या, नेहमीच्या लवचीक विनाइलच्या नाही. स्टायरीन साच्यात वितळवून भरतात, ती ताठ असते, वाकत नाही, टिचकी मारली तर पातळ प्लास्टिकसारखी वाजते, आणि कागदी लेबल वरून चिकटवलेलं असतं. शिवाय आतल्या पट्ट्यावर मोनार्कची खूण हवी, गोलात एमआर ही अक्षरं आणि एका त्रिकोणाशेजारी हाताने कोरलेला आकडा. माझ्या प्रतीवर यातलं काहीच नव्हतं. नंतर कधीतरी कुणीतरी मूळ सिंगलवरून उतरवून घेतलेली नक्कल. आणि तो टक्? तो माझ्या रेकॉर्डवरचा चरा नव्हताच. ज्या प्रतीवरून नक्कल केली तिच्यावरचा चरा, नकलेत गाण्याबरोबर छापला गेलेला. मी तो किती वेळा ब्रशने, साबणाच्या पाण्याने, कशाकशाने घालवायचा प्रयत्न केला होता.

ज्याने विकली त्याला मेल केला. उत्तर नाही. पैशाचं दुःख महिनाभरात गेलं, खरंच सांगतो. गेलं नाही ते दुसरं. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ती लावली. तीच खाच, तीच सुई, तेच स्पीकर, ऑर्गन तसंच, मान हलली नाही. आवाजात कणभरही फरक पडलेला नसताना गाणं फिकं झालं. आता सांगा, "गाणं आधी, रेकॉर्ड नंतर" म्हणणाऱ्या माणसाने यावर काय बोलायचं?

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघाला, एवढंच ना? गोड होता ना पण?" मी म्हटलं, तू पेटी परत केलीस गेल्या वर्षी, गोड होता तरी. ती म्हणाली, "हो, पण आधी सगळे खाल्ले." यात कोण जिंकलं मला अजून कळलेलं नाही.

मी स्वतःशी बरेच युक्तिवाद केले. न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉपच्या सुरुवातीला डीजे कूल हर्क रेकॉर्ड पाण्यात भिजवून लेबलं काढून टाकायचा, म्हणजे शेजारून डोकावणाऱ्या दुसऱ्या डीजेला गाण्याचं नाव कळू नये. लेबल गेलं तरी लोक नाचायचे थांबले नाहीत. मग माझं लेबल खोटं निघालं म्हणून मी का थांबलो? याचं एक उत्तर असं की नाचणाऱ्याला गाणं हवं असतं आणि मला ती चार पोरं हवी असतात, त्यांनी तो टेप स्वतः कारखान्यात पाठवला, तिथून आलेली हीच ती वस्तू, असं काहीतरी. दुसरं उत्तर असं की हा सगळा उदात्त बनाव आहे आणि मी साधा हावरट माणूस आहे, माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, बास. सकाळी पहिलं पटतं, क्रेडिट कार्डचं बिल आलं की दुसरं.

पुढे काही वर्षांनी मला खरी मिळाली. स्टायरीन, मोनार्क, त्रिकोण, सगळं जागच्या जागी. अवस्था बेताची, सुरुवातीचे काही सेकंद नुसती खसखस, कारण रेडिओवाले गाण्याची सुरुवात हेरायला रेकॉर्ड हाताने मागेपुढे करायचे आणि स्टायरीन त्यात घासून जायची. ही खसखस मला आवडली. कुठल्या तरी स्टेशनवर कुणीतरी हे गाणं खरंच लावलं होतं, या कल्पनेने आवडली हे उघड आहे. ऑर्गन सुरू झालं, मान हलली. मी म्हटलं, चला, सुटलो, मला ही वस्तू खरी हवी होती, प्रश्न मिटला, लोकांना उत्तर द्यायला मोकळा.

मग दुसऱ्या कडव्याच्या आधी सगळी वाद्यं थांबली, आणि टक् आलाच नाही. अर्थात नाहीच येणार, हिच्यावर तो चरा नव्हता. पण गाणं तिथे पायरी चुकल्यासारखं पुढे गेलं. परत लावलं, परत तेच.

तर आता दोन्ही ठेवल्यात. फेकून दे म्हणणाऱ्या कलेक्टर मित्रांना माझं म्हणणं पटत नाही, त्यांच्या मते नक्कल घरात ठेवणं हाच अपमान. आणि तुम्ही म्हणाल, बघ, म्हणजे तुला शेवटी गाणंच आवडतं, दुर्मिळपणा नाही, नकलेवरही प्रेम आहे तुझं. थांबा, इतक्यात मला चांगला माणूस ठरवू नका.

कारण परवा ऑनलाइन लिलावात त्याच गाण्याची आणखी एक प्रत दिसली. प्रोमो, पांढरं लेबल, खरी असावी असं फोटोवरून वाटतंय. विकणाऱ्याने लिहिलंय, "एका ठिकाणी चरा, आवाज येतो." दोन प्रती घरात असताना मी बोली लावलीये. का, तर जिच्यावरून माझी नक्कल उतरवली तीच ही असेल तर? माझा टक् जिथून आला ती मूळ प्रत? अशी तर जगात एकच असणार, म्हणजे याहून दुर्मिळ काही नाही, आणि याहून जास्त "मला आवडतं म्हणून" असंही काही नाही, मग तुमच्या प्रश्नाच्या कुठल्या बाजूला हे टाकायचं ते तुम्हीच ठरवा. विकणाऱ्याला मेल करून विचारलंय, चरा नक्की कुठे आहे, दुसऱ्या कडव्याच्या आधी का. तो मला वेडा समजला असणार. बोली रविवारी रात्री बंद होते आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही तोवर काही बोलू नका.