घोडाच पाहिजे

शनिवारी लेकीबरोबर "हेट पार्ड व्हान सिंटरक्लास" बघितला, म्हणजे सिंटरक्लासचा घोडा. 2005 चा डच सिनेमा, दिग्दर्शक मिशा काम्प. लहान मुलांचा आहे म्हणून मी चहा आणि फोन घेऊन बसले होते, फोन तसाच राहिला आणि चहा पण गार झाला.

गोष्ट एवढीशीच. विंकी वाँग सहा वर्षांची, आईबरोबर चीनहून नेदरलँड्सला येते, वडिलांचं इथे चायनीज रेस्टॉरंट. भाषा येत नाही, मैत्रिणी नाहीत, आणि जीव जडतो तो सार्त्ये नावाच्या एका म्हाताऱ्या पोनीवर. ती पोनी मरते. मग शाळेत कळतं की सिंटरक्लास नावाचे एक आजोबा येतात आणि मागितलेलं आणून देतात. झालं, हिला घोडाच पाहिजे!

आता हे मला का लागलं सांगते. आम्ही इथे आलो त्या पहिल्या नोव्हेंबरात शाळेतून निरोप आला, मुलीचा एक बूट पाठवा, मला वाटलं गरिबांना वाटायला वगैरे असेल म्हणून जुना पण धुऊन पुसून दिला, आणि एकच कशाला मागतात म्हणून जोडीच दिली 😄 मग कळलं की बुटात गाजर ठेवायचं घोड्यासाठी, रात्री पांढऱ्या घोड्यावरून सिंटरक्लास छपरांवरून फिरतो, सकाळी गाजर गायब आणि त्या जागी पेपरनोटनची छोटीशी बिस्किटं. लेकीचा बूट मुठीएवढा, त्यात ती बिस्किटं आणि एक संत्रं, एवढ्यावर ती दिवसभर नाचत होती. इथल्या मुलांना हे सगळं रांगायच्या वयापासून माहीत असतं, नवीन आलेल्याला अर्धंच कळतं आणि उरलेलं आपण आपल्या मनाने जुळवतो. विंकी नेमकं तेच करते. मी घोडा मागितला, हे आजोबा घोडा घेऊन आले, म्हणजे घोडा माझा! काय चुकलं सांगा? मोठ्यांपैकी कोणाला धड खोडून काढता येत नाही तिचं म्हणणं.

आणि पोनी मेली ते सिनेमाने लपवलं नाही ते फार आवडलं. गावाला गेली, देवाघरी गेली असलं काही नाही. लेक रडली, मी पण.

एक मात्र आहे, जुना सिनेमा असल्याने त्यातले पीट, म्हणजे सिंटरक्लासचे मदतनीस, चेहरे काळे रंगवून आहेत. आता इथे त्यावरून बराच वाद होऊन बऱ्याच ठिकाणी नुसते काजळीचे फराटे असतात गालावर. लेकीने विचारलं हे असे का, तर सिनेमा थांबवून जमेल तसं समजावलं, तिला फारसं पटलेलं दिसलं नाही.

तर आता 5 डिसेंबर जवळ आलाय, त्या संध्याकाळी भेटवस्तू मिळतात. सिनेमा संपल्यावर हिने विचारलंच, आई आपल्या बाल्कनीत घोडा मावेल का. मी म्हटलं बघू. बघू म्हणजे नाही हे तिला आता कळतं, त्यामुळे मला काही बोलली नाही, सरळ बाबाला जाऊन सांगितलं की येताना गाजरं आण. एक नको, किलोभर.