एका दिवसाची वारी

ज्येष्ठ संपत आला की कुणी ना कुणी विचारतंच, "एका दिवसाच्या चालण्याला वारी म्हणायचं का हो?" विचारताना ओठांच्या कडेला थोडं हसू असतं, आणि ते रास्तच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही म्हणायचं. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर आम्ही चौघी मैत्रिणी दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालतो. आपसांत आम्ही त्याला नुसतं 'सासवड' म्हणतो. "यंदा सासवडला येतेयस ना?" एवढंच.

गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकवायची नाही, दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, भरायची आणि आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर पायी जायचं, ही वारी. आमचं तीसेक किलोमीटरचं आहे. संध्याकाळी घरी गरम पाण्याची बादली वाट बघत असते.

बहुतेक वर्षी तो दिवस एकादशीचा येतो. पहाटे भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून माऊली निघतात. तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापासून. हडपसरला दोन्ही वाटा फुटतात; तुकोबा लोणी काळभोरकडे, माऊली सासवड रस्त्याला. तिथून वडकीपर्यंतचा पट्टा मला कधीच आवडलेला नाही. गोदामं, शोरूम आणि स्वागताच्या फ्लेक्सवरचे हात जोडलेले पुढारी. ऊन असलं तर फार लांबतो.

मग दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या लावतात, पखवाजाची लय बदलते आणि इतका वेळ पांगलेली माणसं आपोआप एकमेकांच्या जवळ येतात. वरच्या वळणावरून खाली बघितलं तर एकीकडे मस्तानी तलाव आणि रस्ताभर पताका. पेपरात दरवर्षी छापून येणारा फोटो तो हाच. मीही काढलाय. तो काढायला जिथे थांबले तिथे मागून येणाऱ्या दिंडीची रांग माझ्यामुळे तुटली. एका टाळकऱ्याने नुसतं "चला माऊली" म्हटलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

एका दिवसाच्या लोकांबद्दल माझी खरी तक्रार ही आहे, आणि तीत मी स्वतःला धरते. रथापुढे 27 दिंड्या असतात, मागे कितीतरी जास्त. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली, पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज, विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. ही गर्दी नव्हे, ओळ आहे. आपण तिच्या कडेने चालायचं. आत शिरायचं तर विणेकऱ्याला विचारून. पहिल्या वर्षी हडपसरच्या अलीकडे कुणीतरी साबुदाण्याच्या खिचडीचा द्रोण हातात ठेवला आणि मी तो खाल्ला. मागे वळून बघितलं तर पातेलं खरवडत होते आणि रांग संपली नव्हती. तेव्हापासून शेंगदाणे, केळी, राजगिऱ्याचे लाडू घरून नेते.

त्याच वर्षी बुटांनी घात केला. नवेकोरे, महागातले. घाट संपेपर्यंत टाचेला फोड आणि अंगठ्याचं नख काळं. झेंडेवाडीच्या विसाव्याला रस्त्याकडेला बूट काढून बसले होते. शेजारी परभणीकडच्या एक आजी. पायात साध्या स्लिपर, त्यातल्या एकीचा पट्टा सुतळीने बांधलेला. माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "नखं कापून यावं की गं." पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, माझ्या तळव्याला स्वतःच तेल चोळलं. मी पाय मागे घ्यायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे, माऊलीचाच पाय हाय." मला तेव्हा काहीच बोलता आलं नाही. आणखी एक सांगितलं त्यांनी: चढावर दम लागला तर बसायचं नाही, उभ्याउभ्याच घ्यायचा, बसलं की पाय 'घर मागतात'. हे मी आजही पाळते. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर हे आणि जुनी चप्पल, बाकी काही लागत नाही.

पुढे सासवडपर्यंत आम्ही बरोबरच गेलो. त्यांचं हे नववं वर्षं होतं. सून म्हणते आता बस करा, मुलगा काही म्हणत नाही, पेरणी झाली होती पण पाऊस नव्हता, असं सगळं त्यांनी चालता चालता सांगितलं. तळ दिसायला लागला, राहुट्या दिसल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "मुक्काम कुठं हाय तुमचा?"

"घरी. पुण्याला."

त्यांना ते नीट कळलं नसावं. "मग उद्या येताव का? इथं दोन मुक्काम हायेत. परवा जेजुरी."

मी मान हलवली. का हलवली, कोण जाणे. त्या आपल्या दिंडीचा ट्रक शोधत राहुट्यांमध्ये शिरल्या आणि आम्ही चौघी बसस्टँड विचारत निघालो. दिवे घाट वाहनांना बंद होता, म्हणून बस बोपदेव घाटातून आली. उभं राहूनच यावं लागलं.