जाळून का टाकत नाहीत? तुम्ही विचारलेत म्हणून

रासायनिक अस्त्रांची विल्हेवाट या विषयावर मी नागपुरात कुठेही बोललो, मग ते धरमपेठेतले एखादे छोटे सभागृह असो की रसायनशास्त्राचा वर्ग, शेवटी कोणीतरी हात वर करून विचारतेच, "सर, एवढा खटाटोप कशासाठी? जाळून का टाकत नाहीत?" सांडपाण्याच्या रसायनशास्त्रात माझे बहुतेक आयुष्य गेले असल्याने या प्रश्नाचे मला कधी हसू आले नाही. नकोशी वस्तू अग्नीच्या स्वाधीन केली की ती संपली, ही आपल्या मनातली समजूत फार जुनी आहे. सभेत या प्रश्नाला दोन मिनिटांत जे उत्तर द्यावे लागते ते अपुरे राहते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

नागपूरकरांनी हा प्रश्न विचारावा याची मला थोडी गंमतही वाटते, कारण 2011 साली तो या शहरासमोर उलट्या बाजूने उभा राहिला होता. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पडून असलेला विषारी कचरा वर्धा मार्गावरील बोरखेडी येथे, संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा असा प्रस्ताव पुढे आला. विदर्भात त्याला विरोध झाला, महाराष्ट्र शासनाने नकार दिला आणि कचरा भोपाळमध्येच राहिला. त्या वेळी "जाळून का टाकत नाहीत" असे मला कोणी विचारले नाही. सगळ्यांचे म्हणणे "जाळा, पण येथे नको" असे होते. पुढे 2025 साली तो 337 टन कचरा पीथमपूरला नेऊन सुमारे 1,200 अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत जाळला गेला आणि मागे उरलेल्या राखेचे व अवशेषांचे वजन मूळ कचऱ्यापेक्षा जास्त भरले, कारण जाळताना चुन्यासारखी द्रव्ये मिसळावी लागतात. आगीने वस्तू संपत नाही, तिची रूपे बदलतात. काही रूपे राखेत राहतात आणि काही धुराड्यातून निघून जातात.

आगीची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. तिच्या आधीचे मार्ग अधिक वाईट होते. 1967 ते 1970 या काळात अमेरिकेने विषारी अस्त्रे भरलेली जुनी जहाजे समुद्रात बुडवली; त्याआधी उघड्या खड्ड्यांत जाळणे आणि जमिनीत पुरणे चालतच असे. आज अंमलात असलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने, जो 29 एप्रिल 1997 पासून लागू आहे, हे तिन्ही मार्ग निषिद्ध ठरवले आहेत. त्यांच्या तुलनेत बंदिस्त भट्टी ही मोठीच सुधारणा होती. 1980च्या दशकात अमेरिकी लष्कराने तीच पद्धत निवडली, 1990 मध्ये प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर पहिली मोठी भट्टी पेटली, आणि नंतर युटा, अलाबामा, ओरेगन व आर्कान्सा येथील साठे अशाच भट्ट्यांत नष्ट झाले. भट्टीत गेलेल्या विषापैकी 99.9999 टक्के नष्ट झालेच पाहिजे अशी अट होती आणि सर्वसाधारणपणे ती पाळली गेली. त्या देशाचा बराचसा साठा आगीनेच संपवला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग पर्याय शोधण्याची गरज का पडली? लोक डायऑक्सिन या अतिविषारी संयुगांचे नाव घेतात आणि ती भीती निराधार नाही, कारण क्लोरीन असलेले पदार्थ जाळल्यावर निघणारा वायू थंड होताना अशी संयुगे तयार होऊ शकतात. माझ्या मते मात्र खरा मुद्दा वेळेचा आहे. भट्टी चालू असते तेव्हा धुराडेही चालू असते. आत काही बिघडले तर ते उपकरणाला कळते त्याच सुमारास काहीतरी बाहेर गेलेले असते. मे 2000 मध्ये युटातील टुएल येथे असेच घडले आणि अल्प प्रमाणात का होईना, सारिन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे विष धुराड्यातून हवेत गेले. याउलट विष टाकीत पाण्याबरोबर किंवा कॉस्टिक सोड्याबरोबर फोडले तर टाकीची झडप बंद ठेवता येते, नमुना काढून तपासता येतो, विष शिल्लक असेल तर आणखी चार तास ढवळता येते, आणि खात्री झाल्याखेरीज एक थेंबही पुढे जाऊ देण्याची सक्ती नसते. धूर कोणाला थांबवून ठेवता येत नाही, पाणी ठेवता येते. सांडपाण्याच्या कामात मुरलेल्या माणसाला हा फरक लगेच समजतो.

हा फरक आधी आग्रहाने मांडला तो नागरिकांनी, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. केंटकी राज्यात रिचमंड गावाजवळ ब्लू ग्रास नावाचे लष्करी कोठार आहे. तेथे भट्टी बांधण्याची योजना 1980च्या दशकात जाहीर झाल्यावर जवळच्या बेरिया गावी राहणारे क्रेग विल्यम्स नावाचे गृहस्थ विरोधासाठी पुढे आले. ते व्हिएतनाम युद्धात भाग घेतलेले सैनिक होते आणि लाकडी कपाटे बनवण्याचा व्यवसाय करत. अशा माणसाला तज्ज्ञांनी हसण्यावारी न्यावे असेच ते दिवस होते. पण त्यांनी वेगवेगळ्या कोठारांभोवतीच्या लोकांना एकत्र बांधले आणि "येथे नको" इतकेच न म्हणता "दुसरी पद्धत दाखवा" अशी मागणी लावून धरली. 1996 मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला की, स्फोटकांसकट जोडलेल्या अस्त्रांसाठी जाळण्याला किमान दोन पर्याय प्रत्यक्ष करून दाखवावेत. निकष ठरवण्यासाठी बसलेल्या मंडळींत लष्कर, राज्यांचे नियामक अधिकारी आणि स्थानिक रहिवासी असे सगळे होते. बोरखेडीच्या प्रकरणात आपल्याकडे ही दुसरी मागणी फारशी कोणी केल्याचे मला आठवत नाही, आणि त्यात माझीही गणना आहे.

आता रसायनाकडे येतो. या पद्धतीला 'उदासीनीकरण' म्हणतात, हा शब्द मला पटत नाही. आम्ल आणि अल्क यांना बरोबरीत आणण्याशी त्याचा संबंध नाही, येथे विषाच्या रेणूचेच तुकडे केले जातात. 'जलविघटन' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. कातडी भाजणाऱ्या मस्टर्ड वायूचे उदाहरण घ्या. तो मुळात वायू नसून तेलकट द्रव आहे आणि साधारण 14 अंशांच्या खाली गोठतो, म्हणजे नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटे त्याचा गोळा होईल आणि मे महिन्यात तो पातळच राहील. पाण्याशी त्याची अभिक्रिया होते, पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. थंड पाण्यात त्याचा गोळा पडला तर पृष्ठभागावर एक कातडीसारखा थर जमतो आणि आतले विष वर्षानुवर्षे तसेच राहते. समुद्रात टाकलेले साठे आजही मच्छीमारांना भाजतात ते यामुळेच. म्हणून त्याला सुमारे 90 अंश तापलेल्या पाण्यात जोराने घुसळावे लागते, म्हणजे बारीक थेंब होतात आणि पाणी प्रत्येक थेंबाला भिडते. त्यातून थायोडायग्लायकॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिळते, आम्ल कॉस्टिक सोड्याने मारले जाते, आणि जे उरते ते बॉलपेनच्या शाईत आणि कापड रंगवण्यात वापरले जाणारे एक साधे द्रव्य असते.

येथेच काम संपत नाही, कारण थायोडायग्लायकॉलपासून पुन्हा मस्टर्ड बनवता येते आणि म्हणूनच ते आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या यादीत आहे. परंतु जिवाणूंना ते खाता येते. ज्या प्रकारच्या गाळावर आपल्या शहरांतली सांडपाणी केंद्रे चालतात, त्याच कुळातल्या जिवाणूंना हे खाद्य दिले की त्याचे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फेटचे क्षार होतात. मेरीलँडमधील ॲबरडीन येथील टाक्यांत साठवलेले मस्टर्ड याच मार्गाने 2005 पर्यंत संपले. कोलोरॅडोतील प्वेब्लो येथे साडेसात लाखांहून अधिक तोफगोळे होते. ते यंत्रमानवांनी उघडून, विष धुऊन काढून, घुसळून, मग जिवाणूंच्या टाक्यांतून नेऊन जून 2023 मध्ये काम पूर्ण झाले. आयुष्यभर ज्या गाळाचा वास अंगाला लागला म्हणून घरच्यांची बोलणी खाल्ली, तो गाळ महायुद्धाचे विष पचवतो हे वाचले तेव्हा मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

व्हीएक्स हे सारिनसारखेच मज्जासंस्थेवर आघात करणारे विष; या दोहोंची गोष्ट इतकी सरळ नाही. सारिन कॉस्टिक सोड्यात सहज फुटते. व्हीएक्सचा रेणू मात्र दोन ठिकाणी तुटू शकतो आणि चुकीच्या ठिकाणी तुटला तर तयार होणारे संयुगही अत्यंत विषारी असते, म्हणून सोडा तीव्र आणि गरम ठेवावा लागतो. शिवाय दोन्हींच्या अवशेषांत कार्बन आणि फॉस्फरस यांच्यातला जो बंध राहतो तो जिवाणूंना सहजासहजी तोडता येत नाही. इंडियानातील न्यूपोर्ट येथे व्हीएक्सचे जलविघटन 2008 मध्ये पूर्ण झाले खरे, पण उरलेला द्रव कोठे न्यायचा यावरून वाद पेटला; ओहायो आणि न्यू जर्सी येथील लोकांनी नकार दिला, आणि शेवटी तो टँकरमधून टेक्सासमधील पोर्ट आर्थरला नेऊन तेथे जाळण्यात आला. न जाळण्यासाठी शोधलेल्या पद्धतीचा शेवट दुसऱ्याच्या गावातल्या भट्टीत व्हावा, ही गोष्ट मी व्याख्यानात सांगतो तेव्हा सभागृहात कुजबुज होते. व्हायलाच हवी. त्या द्रवात व्हीएक्स उरलेले नव्हते, धोका पूर्वीच्या मानाने फार कमी होता, हे खरे. पण पोर्ट आर्थरच्या रहिवाशांना त्या टेबलाभोवती कोणी बसवले नव्हते, हेही तितकेच खरे.

ब्लू ग्राससाठी यावर एक उपाय योजला होता. पाणी 374 अंश आणि साधारण 220 वातावरणांच्या दाबापलीकडे नेले की ते द्रवही राहत नाही आणि वायूही. त्यात सेंद्रिय पदार्थ विरघळतात आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात ज्वाळेविना जळून जातात. कागदावर ही पद्धत देखणी आहे. प्रत्यक्षात अशा पाण्यात क्षार विरघळत नाहीत, नळ्या चोंदतात आणि धातू गंजतो, आणि अखेरीस तेथेही ही यंत्रणा वगळून उरलेला द्रव बाहेर पाठवण्याचे ठरले. मस्टर्डच्या जुन्या तोफगोळ्यांत विष घट्ट होऊन तळाशी बसले होते, ते धुऊन निघेना. म्हणून ते गोळे अखंडच 500 अंशांच्या वर तापलेल्या बंद कक्षात टाकून फोडण्यात आले. याला जाळणे म्हणायचे की नाही यावर तेथे बरीच चर्चा झाली. मात्र तेथले सारिन आणि व्हीएक्स जलविघटनानेच संपले, आणि 7 जुलै 2023 रोजी सारिनचे शेवटचे रॉकेट नष्ट झाले तेव्हा करारातील देशांनी जाहीर केलेला 72,304 टनांचा साठा पूर्ण संपला. भारताने जाहीर केलेले सुमारे हजार टन मस्टर्ड त्याआधीच, 2009 मध्ये संपले होते.

याच पद्धतीमुळे 2014 मध्ये आणखी एक गोष्ट शक्य झाली. सीरियातून बाहेर काढलेले साठे आपल्या भूमीवर नष्ट करू द्यायला अल्बानियाने लोकांच्या निदर्शनांनंतर नकार दिला, तेव्हा केप रे नावाच्या अमेरिकी जहाजावर दोन जलविघटन संच चढवून भूमध्य समुद्रात सुमारे 600 टन द्रव्यावर प्रक्रिया झाली. समुद्रात काहीही सोडले नाही; उरलेला द्रव जर्मनी आणि फिनलंडला गेला. डोलणाऱ्या जहाजावर अस्त्रांसाठीची भट्टी चालवण्याचे धाडस कोणी केले असते असे मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "मग सर, भोपाळचा कचरा बोरखेडीला आला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?" तिला मी खरे ते सांगितले. तो कचरा मस्टर्डसारखा एकच एक पदार्थ नव्हता. त्यात माती होती, सेविन या कीटकनाशकाचे व ते बनवण्यासाठी लागणाऱ्या नॅफ्थॉलचे अवशेष होते, अर्धवट तयार झालेली कीटकनाशके होती, आणि अशा खिचडीला गरम पाण्यात घुसळून काही साधत नाही. मी बहुधा भट्टीलाच होकार दिला असता. पण त्याआधी चाचणीतल्या धुराचे आकडे बोरखेडी आणि बुटीबोरीच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत लावा म्हटले असते, आणि राख नेमक्या कोणत्या खड्ड्यात जाणार, त्या खड्ड्याखालच्या विहिरींचे पाणी कोण तपासणार, हे लेखी मागितले असते. तिने ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, "आणि तेव्हा तुम्ही मागितले होते का?" मी नाही म्हणालो.